अस्वलाचं सूप

प्रिय ताई,

तू परगावी नोकरीवर गेलीस त्याला आज पाच दिवस झाले. तुझी लेक मुंगी जेवतच नव्हती, नुसतं दूध प्यायची. फोनवर मी "सगळं ठीक आहे" म्हणालो, ते खोटं होतं.

शेवटी आज तुझं अस्वलाचं पुस्तक काढलं. लहानपणी मी ताटावर रुसलो की तू त्यातलं सूप वाचून करायचीस, पुढे मुंगीसाठीही केलंस. दोन गाजरं, एक बटाटा, चिमूटभर मिरपूड, आणि उकळी येईपर्यंत गुरगुरायचं. मुंगीला स्टुलावर उभं करून गाजरं धुवायला दिली. प्रमाण चुकू नये म्हणून ओळीवर बोट ठेवून वाचलं. शाळा चौथीत सुटली तरी मी अक्षर सोडत नाही. दोनदा वाचलं. ताई, त्यात सूप नाहीच! अस्वल मध खातं आणि झोपतं. तेव्हा घरात गाजर-बटाट्याशिवाय काही नसायचं, म्हणून ते सूप तू मनानंच रचलंस, हे मला आज उमगलं.

तरी मी सूप "वाचत" राहिलो. आम्ही दोघं इतके गुरगुरलो की शेजारच्या काकूंनी भिंत ठोकली. मुंगी दोन वाट्या सूप प्यायली आणि हळूच म्हणाली, "मामा, मला वाचता येतं. त्यात सूप नाहीये. पण आईला सांगू नकोस हं, तिला वाईट वाटेल."

मी शब्द दिलाय, म्हणून हे पत्र पाठवत नाही. अस्वल झोपतं त्या पानात ठेवतो. आता पुस्तकात सूपही आहे.

तुझा,
अजून गुरगुरणारा धाकटा