घरातलं एक मत

१९ ऑक्टोबर
आर्विड गेला. उजाडता उजाडता. खिडकीबाहेर रानबदकं दक्षिणेकडे निघाली होती. त्याचे डोळे तिकडेच राहिले.

२३ ऑक्टोबर
माती दिली. चर्चच्या तळघरात कॉफी झाली, लेफ्साच्या बटाटा-पोळ्या झाल्या. सगळ्यांच्या तोंडी आर्विडचाच विनोद — "आमच्या सिग्नीच्या कुस्तीत पंच पण तीच, पैलवान पण तीच!" खोटं काय त्यात! राज्यभरच्या निवडणुका मी घेते, आणि हे पदही निवडून यायचं, म्हणून दर चार वर्षांनी त्याच मतपत्रिकेवर माझंही नाव. म्हणून स्वतःला कधी मत दिलं नाही. तेवढी ओळ कोरी सोडते. वाटायचं, घरातून नवऱ्याचं एक आहेच की! पण विचारलं की डोळा मारायचा — "मी? दुसऱ्याला दिलं." एकदा तरी खरं सांगायचं होतंस रे.

२६ ऑक्टोबर
बोर्गहिल्डचा फोन. आमच्या काउंटीची टपाली मतं तिच्याकडे जमतात.
"आर्विडचं पाकीट आलंय गं. जायच्या आधी टाकलेलं. काय करू?"
नियम मीच सगळ्यांना शिकवते. मतदानाच्या दिवसाआधी माणूस गेला की त्याचं टपाली मत बाद. पाकीट फोडायचंसुद्धा नाही.
"बाद कर."
"अगं, पण हे पाकीट —"
"बाद कर म्हटलं ना!"
फोन ठेवला. त्याचा कोट घालून पायरीवर बसून राहिले.

१ नोव्हेंबर
स्वप्न. कापणी झालेलं सूर्यफुलांचं रान, मधोमध मतदानाचा आडोसा, पडद्याखाली आर्विडचे बूट. मी विचारतेय, "झालं का?" आतून नुसतं हसू. जाग आली तरी ते रान बराच वेळ खोलीत होतं.

६ नोव्हेंबर
मतदान. माझी ओळ कोरीच. पेन मात्र तिथं जरा रेंगाळलं.

७ नोव्हेंबर
हरले! चांगली सपाटून. एका पाकिटानं काही फरक पडला नसता. दिवसभर धुक्यातून चालल्यासारखं वाटतंय. माझ्या पराभवावर सहीही मीच करायची.

१० नोव्हेंबर
बोर्गहिल्ड ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन आली. बसली. म्हणाली, "त्या दिवशी तू बोलू दिलं नाहीस. आर्विड पाकिटावर कधी सही करायचाच नाही. हटकलं की म्हणायचा, 'बायको पंच आहे, घरातलं मत मोजायला नको.' सही नाही, म्हणून दर वेळी बाद."
म्हणजे इतकी वर्षं घरातून मला एकही मत नव्हतं! मला हसूच आलं.
ती हसली नाही. "या खेपेला केली होती गं सही."