रॉनीचा निळा कॅन

प्रिय बर्नडेट वहिनी,

काल तुझ्या ओट्यावरचा निळा कॅन मीच फोडला. कोयत्याने भोक पाडलं आणि तुला म्हणालो, उन्हाने तडकला.

हाटकेशच्या कारखान्यांतल्या आमच्या गाळ्यात त्यातून केमिकल यायचं. रिकामा झाल्यावर मी तो साबणाने तीनदा धुतला, दोन दिवस उन्हात ठेवला. वास गेला, म्हणून रॉनीला होडीत प्यायच्या पाण्यासाठी दिला. माझा भाऊ चार वर्षं त्यातलंच पाणी प्यायला. त्याच्या किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, "होडीत पाणी कशात नेतो?" मी सांगितलं, स्टीलच्या कळशीत.

त्याला पुरल्यावर तू कॅन घरी आणलास, त्याची आठवण म्हणून. तुझी लेक क्रिस्टल शाळेची बाटली त्यातूनच भरायची. तिचं रक्त तपासून घे, एवढंच सांगायचंय. इथवर लिहिलेलं हे पत्र खिशात घेऊन आज दोनदा तुझ्या दारावरून पुढे गेलो.

काल फुटका कॅन मांडीवर घेऊन तू रडत होतीस. मग डोळे पुसून म्हणालीस, "रॉयस्टन, तुझ्या गाळ्यात असा दुसरा हाय का?"

मी म्हणालो, बघतो.

तुझा दीर,
रॉयस्टन