रडका चेहरा आणि रविवारचा कॅरम

बाबल्या,

प्रिय-बिय लिहिलं असतं तर तू खो खो हसला असतास, म्हणून नुसतंच बाबल्या.

उद्या ताई येणार आहे. तीच, हॉस्पिटलची पॅलिएटिव्हवाली. तुझा आजार बरा होणारा नव्हता, पण तुला त्रास कमीत कमी व्हावा म्हणून यायची ती. तू गेल्यावर पहिल्यांदाच येतेय, आईशी बोलायला. त्याआधी माझं एक काम तुझ्याकडे अडलंय, म्हणून हे लिहितोय.

काल तिचा फोन ठेवून आई म्हणाली, "इचारूंदे काय ता. माझ्या झिलान आपल्या हातान रडको चेहरो दाखवल्यान. अजून काय सांगू?" आणि परत जाऊन तिच्या झिलाच्या, म्हणजे तुझ्या, पलंगावर बसली.

तुझ्या डोळ्यांना उजेड लागायचा म्हणून खिडकीचा पडदा लावला होता, तो आई अजून उघडू देत नाही. आता कोणाच्या डोळ्यांना लागतोय रे? भर दुपारी आमच्याकडे ट्यूबलाइट. बाबा निदान ड्युटीवर तरी जातात. मला तिला सोडून फार वेळ बाहेर राहवत नाही आणि आत बसवत नाही.

ताई पहिल्यांदा तो चेहऱ्यांचा तक्ता घेऊन आली तेव्हा माझं डोकंच सटकलं होतं, आठवतं? हसऱ्यापासून रडक्यापर्यंत चेहरे, आणि तुझा दिवस कसा गेला त्याप्रमाणे तू बोट ठेवायचंस. मी दारातच तिला म्हणालो, "आता याला मार्क पण देणार का?" ती शांतपणे चप्पल काढत म्हणाली, "मार्क तो देणार. आपल्याला."

मग कळलं, ती नुसतं दुखण्याचं विचारत नाही. झोप लागली का, शाळेतलं कोणी भेटलं का, मजा कशाची आली, भीती कशाची वाटली. आजार किती आहे ते रिपोर्टमध्ये दिसतं, म्हणायची, पण जगणं कसं चाललंय ते तोच सांगणार.

आणि तू खोटं सांगितलंस. लबाडा!

त्या रविवारी माझी कॉलेजातली श्रावणी आली होती. पलंगावरच कॅरम मांडला, तू उशीला टेकून. तू राणी घेतलीस, मी भांडायला लागलो, तर ती मला म्हणाली, "बाबल्यासाठी कॉलेज सोडलंस ते सोडलंस, आंघोळ पण सोडलीस का?" तू असा हसत सुटलास की खोकल्याने धरलं. आई किचनमधून पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं, गेलास. थोड्या वेळाने खोकला थांबला, पण ती पिठाच्या हातांनीच तुझी पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला रडत रडत सांगितलं, कालच्यासारखा वाईट दिवस झाला नाही. ताईने तुझ्यापुढे तक्ता धरला. तू आधी आईकडे बघितलंस. मग शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलंस, सगळ्यात रडक्या.

आई तिला लिफ्टपर्यंत सोडायला गेली आणि तू माझा कान ओढलास. "दादा, काल कसली धमाल आली यार. हसून हसून खोकला आला."

"मग रडका का दाखवलास?"

"आई रडत होती ना. ती रडतेय आणि मी हसरा दाखवू? बरं दिसतं का?"

नऊ वर्षांच्या पोराने एवढं शहाणं कशाला व्हायचं? वर मलाच शपथ घातलीस, आणि ती पण आईची. आई रडायची थांबली की मगच तिला सांगायचं.

बघ कशी वाट लावलीस माझी. ती थांबत नाही म्हणून मी सांगू शकत नाही, आणि मी सांगत नाही म्हणून ती थांबत नाही. शपथ घालणाऱ्यानेच 'सुटली' म्हणायचं असतं. तुझ्याकडून कसं म्हणवून घेऊ? शपथाबिपथा सगळी थापेबाजी, असं मीच ओरडायचो ना? पण आता आईला नुसती चक्कर आली तरी वाटतं, मी शपथ मोडायचा विचार केला म्हणूनच.

श्रावणीचंही सांगतो. तिने हसवलं म्हणून तुला तो खोकल्याचा अटॅक आला, असं आईने मनात धरलंय. तोंडाने बोलली नाही कधी. पण तेराव्याला श्रावणीने पुढे केलेलं पाणी आईने घेतलं नाही. तेव्हापासून श्रावणी आलेली नाही. मी रोज तिच्या बिल्डिंगखाली जातो आणि परत येतो. वर जाऊन काय बोलू? तिलाही वाटत असणार, चूक तिचीच. मग शंका येते, मला हे आईसाठी सांगायचंय की श्रावणीसाठी? दोघींसाठी, जा. तुझ्यापासून काय लपवायचं?

पण खरं सांग, आणखी किती दिवसांचे चेहरे तू आमची तोंडं बघून दाखवलेस? आम्हाला वाटायचं, आम्ही तुला सांभाळतोय.

उद्या ताई आली की पडदा मी उघडणार. तिच्यासमोरच आईला सांगणार, "तुझ्या पोराने त्या रविवारी राणी घेतली आणि पोट धरधरून हसला." तिने कानाखाली मारली तर खाईन. नाही पटलं तर परवा परत सांगेन, रोज सांगेन, न चिडता.

आधी तिने थांबायचं आणि मग मी सांगायचं, हे ठरलं होतं. मी उलटं करतोय. कॅरम खेळताना मला जे म्हणायचास, ते खुशाल म्हण.

तुझा चीटर,
दादा