या वेळी राईचं नको

९ नोव्हेंबर १९९४

राईचं तेल संपलं! स्वयंपाकघरातलं नव्हे, आपल्याकडे ते खातो कोण? ह्यांच्या करवतीचं.

कारखान्याने लिलावात काढलेली चेन-सॉ निवृत्तीच्या महिन्यात घरी आली, तेव्हा मला वाटलं चार दिवसांचं खूळ. दोन वर्षं झाली. यंदा श्रावणात वांगणीच्या जागेवर विहिरीकाठचं जांभूळ आडवं झालं आणि खुळाला काम मिळालं.

तेलं दोन लागतात. एक पेट्रोलमध्ये मिसळायचं, इंजिनासाठी. दुसरं साखळीला, आणि ती ज्या पट्टीवरून धावते त्या पट्टीला. हे दुसरं परत येत नाही. साखळी फिरते तसं उडत जातं — भुशात, मातीत. स्टेशनजवळचा मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडीतलं काळं ऑईल टाका ना, फुकटचं आहे." हे भडकले. "त्यात लोखंडाचा कीस असतो, पंप खाऊन टाकेल. आणि उडून जाणार कुठे? विहिरीत! ते पाणी माणसं पितात." कारखान्यात आलेल्या जर्मन इंजिनिअरने म्हणे सांगितलं होतं, त्यांच्याकडे जंगलात बियांचंच तेल घालतात. तेव्हापासून राईचं. उल्हासनगरहून, कॅम्प दोनमधल्या टेकचंदच्या दुकानातून.

गॅलरीला लोणच्याचा वास येतो. शेजारीण विचारते, "उमाताई, यंदा किती किलो घातलंत?"

१३ नोव्हेंबर

वांगणी. डब्याच्या तळाशी होतं तेवढ्या तेलावर काम केलं. आमच्या जागेवर लक्ष ठेवणारा शेजारचा आनंदा फांद्या ओढत होता. त्याची बायको बकुळा बांधावरून ओरडली, "सायब जांबलाचा लोनचा घालतान!" हे म्हणाले, "मुरलं की चव बघायला ये."

पण दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसले तेव्हा पाठीला हात लावून बसले. "वय झालं," म्हणाले. एकसष्ट म्हणजे काय वय!

दमले तरी साफसफाई चुकवली नाही. राईच्या तेलाची ती एक खोड. मशीन पडून राहिलं की तेल गोंदासारखं जमतं, साखळी पट्टीला धरते, पंप तुंबतो. म्हणून दर खेपेला टाकी रिकामी करायची, साखळी रॉकेलात बुडवायची, पट्टीची खाच जुन्या कंगव्याच्या दाताने कोरायची. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या रविवारी यायचंच आहे. "रोज काम असेल तर राईसारखं तेल नाही," म्हणाले. "पडून राहणाऱ्या मशीनला मात्र ते विष."

२१ नोव्हेंबर

लिहावं की नाही?

मुंबईला गेलो होतो, ह्यांच्या पाठदुखीच्या तपासण्यांचे रिपोर्ट घ्यायला. श्रीपाद भाऊजी सोबत. डॉक्टरांनी मला आणि भाऊजींना आत घेतलं. ह्यांना बाहेर बाकावर पेपर दिला. स्वादुपिंड. यकृतात पसरलंय. तीन महिने. "पेशंटला सांगू नका, हाय खातात," डॉक्टर म्हणाले. भाऊजींनी तिथेच माझा हात धरला. "वहिनी, दादाला यातलं काही कळता कामा नये. शप्पत आहे."

बाथरूममध्ये गेले. तोंड धुतलं, कुंकू नव्याने लावलं, बाहेर आले.

"काय म्हणाले?"

"लिव्हरला सूज आहे. पथ्य आणि औषधं."

"बरं," म्हणाले. पेपराची घडी घातली. "चहा घेऊ या का?"

२३ नोव्हेंबर

बुधवार. साप्ताहिकातल्या माझ्या सदराचा मजकूर दिला. विषय: हिवाळ्यातल्या पालेभाज्या. वेळेत दिला, शब्दही नेमके. कसा लिहिला, देव जाणे. सवय लिहिते, माणूस लिहीत नाही.

२९ नोव्हेंबर

मी इतकी चांगली खोटं बोलते हे मला माहीत नव्हतं. शेवग्याच्या शेंगांवरून भांडले आज — पथ्यात नाहीत म्हणून! रागावले की बरं पडतं, रागात डोळे भरले तरी चालतात. हे हसले आणि वाटी बाजूला सारली.

७ डिसेंबर

"शनिवारी टेकचंदकडे जाऊ. तेल आणायला हवं."

तेल! म्हणजे अजून जांभूळ कापायचंय त्यांच्या मनात. भाऊजींना फोन केला. डॉक्टर म्हणालेच होते, मनासारखं करू द्या.

१० डिसेंबर

आज मी चुकीचं बोलले. भर दुकानात.

टेकचंद राईचा डबा काढायला वळला, तर हे म्हणाले, "या वेळी राईचं नको. मशीनचं दे, खनिज. नवं, जाडसर."

टेकचंद चाट. "साईं, तबियत ठीक है? दो साल से मेरा दिमाग खाया — कुआँ, कुआँ, कुआँ!"

"अरे बाबा, ये जमता नहीं."

मी म्हटलं, "आणि विहिरीचं काय? सगळ्या जगाला सुनावलंत ना? साफ करायचा कंटाळा आला म्हणून आता घाला विष पाण्यात!"

गिऱ्हाइकं बघायला लागली. हे डबा उचलायला गेले, उचलवेना. टेकचंदने स्वतः रिक्षात आणून ठेवला आणि मला हळूच म्हणाला, "भाभीजी, गुस्सा मत करो. साईं बहुत सूख गये हैं."

मला तेलाचा राग नव्हता. आजार ह्यांचं शरीर नेतोय ते दिसतं. पण ह्यांचा हट्टही न्यायला लागला, ते सोसवेना.

१८ डिसेंबर

वांगणी. रिक्षा थेट जागेपर्यंत नेली.

जांभळाला हातही लावला नाही! पंपात राहिलेलं राईचं उरलंसुरलं तेल काढलं, आनंदाकडून साखळी दोनदा रॉकेलात धुऊन घेतली, नवं तेल भरलं. मग त्याला मशीन उचलायला लावून विहिरीपासून पार लांब, खालच्या बांधावर नेलं. जमिनीवर रद्दीचा कागद पसरला, वर मशीन धरून चालू केलं. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली. कागद माझ्याच साप्ताहिकाचा. "बघ, पालेभाज्यांवर फोडणी पडली!" म्हणाले. साखळी ओली होईस्तोवर चालवलं आणि बंद केलं. कागद जाळायला सांगितला. म्हणजे विहीर विसरले नव्हते. दुकानात मी उगाच बोलले.

मी बकुळाकडे भाकरी खायला गेले तेव्हा दोघं खोपटात मशीन गोणपाटात गुंडाळत होते. बराच वेळ लागला.

परतताना म्हटलं, "अर्धं झाड तसंच राहिलं."

"राहू दे."

"फेब्रुवारीत करू."

"हं. करू."

९ जानेवारी १९९५

ताक. तेही चमचाभर. विचारलं, "सूज किती दिवस राहते गं?" म्हटलं, उतरतेय हळूहळू. "मग ठीक," म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. मी त्यांच्या की त्यांनी माझ्या, आठवत नाही.

२४ जानेवारी

होळीला वांगणीला जाऊ म्हटलं. "बारीक फांद्या होळीला आनंदाला दे," म्हणाले. "खोड ठेव. घराच्या दाराला होईल. जांभूळ पाण्याला भीत नाही."

८ फेब्रुवारी

दुपारी गेले. शेवटपर्यंत सूजच म्हणत राहिले मी.

आज बुधवार. मजकूर दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

२ एप्रिल

भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा शांतपणे गेला. काही कळलं नाही त्याला. तेवढं तुम्ही जिंकलात."

जिंकले. मग असं का वाटतं, की तीन महिने एका घरात राहून मी त्यांना एकटं ठेवलं? निरोप घेतला नाही. विचारलं नाही, भीती वाटते का. काय जिंकले!

२८ मे

वांगणी. पावसाआधी खोड कापायला हवं, म्हणून आनंदाने मशीन काढलं. पाच महिने पडून होतं, मला वाटलं साखळी धरली असेल. त्याने बोटाने ओढली. सरसर फिरली, परवाच ठेवल्यासारखी.

म्हटलं, बघ, तेल बदललं ते बरं झालं.

आनंदा खाली बघत म्हणाला, "सायब बोललंच होतं मना, खोपटान. आनंदा, आता ही लय दिस पडून ऱ्हाईल, राई चालाची नाय. मी बोललू, का हो सायब? तर बोललं, हास्पिटलान बाय तोंड धुऊन, नवा कुकू लावून भायेर आली, तवाच मना समाजला. तिला बोलू नको. तिला लपवाचा हाय, लपवू दे."