आमची पहिली भेट

कोच हॅलबर्ट साहेब,

काल टीव्हीवर तुम्ही म्हणालात, "मिसिसिपीची फुटबॉलची पोरं बाहेरच्या राज्यात का पळतात, देव जाणे." देवाला कशाला मध्ये आणता? मला ठाऊक आहे.

कुठल्या कॉलेजाकडून खेळणार हे जाहीर करायच्या दिवशी माझ्या टवेरियसनं सगळ्यांदेखत टेबलावरची तुमच्या कॉलेजची टोपी बाजूला सारून टेक्सासची डोक्यावर चढवली, तेव्हा लोकांनी मलाच धरलं. "लव्हेल, पोरगं ऐकत नाही होय तुझं?" मी म्हटलं, "तिकडचं मैदान मोठं आहे."

खोटं बोललो. त्याच्या आधी तुम्ही पोराला तुमच्या संघात मागायला आमच्या घरी आला होतात. माझा हात हातात घेऊन म्हणालात, "पहिल्यांदाच भेटतोय आपण, मिस्टर पर्नेल!"

अकरा वर्षं तुमच्या मैदानाचं गवत मी कापतोय. रोज सकाळी तुम्ही माझ्या यंत्राला वळसा घालून धावता.

तरी मी हसून म्हणालो, "हो साहेब, पहिल्यांदाच."

पोरगं दारातच उभं होतं. तुमचं बोलणं त्यानं हसण्यावारी नेलं असतं. माझं मात्र त्याला लागलं.

हे पत्र काही मी टाकणार नाही. शनिवारी सामना आहे, उद्या सकाळी मैदानावर रेघा मारायच्यात. तुम्ही धावत आलात की मी बाजूला होईन.

आपला,
लव्हेल पर्नेल