डावीकडचं स्टेअरिंग

कुंभारवाडा, ४ नोव्हेंबर २०२४

चि. लक्ष्मणास ताराताईचा आशीर्वाद. इथं फोन लागत न्हाई, म्हणून पत्र. ओळी वाकड्या जातील, हसू नको.

तुझ्या दाजींच्या अंगात परत गाडी शिरलीय. चोवीसला, रविवारी, दांडेलीत जुन्या गाड्यांचा मेळा हाय. आपली मस्टँग न्यायची म्हणून सकाळपासनं पुसत बसतात. सुपा धरणाच्या कामावरचा अमेरिकन साहेब जाताना मामंजींना देऊन गेला, तीच ही सदुसष्ट सालची गाडी. आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की पोफळीवरची माकडं पळतात आणि ह्यांची छाती फुगते. माझीपण फुगते, खोटं कशाला सांगू?

पण स्टेअरिंग डावीकडं. पुढं बस असली की ह्यांना समोरचं दिसत न्हाई. तीस वर्षं उजवीकडं बसून मीच बघते. मी व्हय म्हटलं की हे गाडी पुढं काढतात, न्हाई म्हटलं की थांबतात. लक्ष्मणा, मला उजव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालंय रे. डाव्यानं नुसतं धुरकट. वर्षभर आवाजावरनं सांगतेय. कबूल केलं तर गाडी विकतील. तू शेजारी न्हाई बसलीस तर विकून टाकीन, असं लग्नातच बोललेत. काय करू, कळव. माया असू दे.

तुझी ताराताई


खानापूर, ९ नोव्हेंबर

ती. ताराताईस लक्ष्मणाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ताई, डोकं ठिकाणावर हाय काय? न बघता व्हय म्हणतेस, आणि वळणावर समोरनं लाकडाची लॉरी आली तर? दोघंपण जाल! गाडी मलापण लाडकी हाय, माझी वरात तिच्यातनंच आली. पण लग्नातल्या बोलण्यावरनं दाजींनी विकली तर विकू दे. आजच सांग त्यांना. न्हाईतर तेवीसला येऊन चावी काढून घेईन, मग शिव्या घाल.

भात कापून झालं. आमच्या पोरीचा, अश्विनीचा खोकला थांबला. कळव लगेच, वाट बघतोय.

तुझा लक्ष्मण


कुंभारवाडा, १४ नोव्हेंबर

श्री. लक्ष्मणरावांस गणपतीचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र माझ्याच हातात पडलं. ताराला चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं. डोळ्यांचं सगळं गाळलं, भाताचं आणि अश्विनीचं तेवढं वाचलं. ती हूं म्हणाली.

मला ठाऊक हाय हो. शिमग्यात समोरनं लॉरी येत होती आणि ती व्हय म्हणाली. ब्रेक दाबला म्हणून वाचलो. इंजिन तापलंय म्हणून सांगितलं तिला. तेव्हापासनं एकपण गाडी मागं टाकलेली न्हाई. ती व्हय म्हणते, मी आपला बसच्या मागनंच जातो. म्हातारा झालात म्हणून चिडवते मला.

मेळ्यालापण तसाच जाणार होतो. आता तुमचं वाचून भ्या वाटतंय, जात न्हाई. विकायचं मी मस्करीत बोललो होतो. बाई ते एवढी वर्षं धरून बसली! तेवढं एक करा. तुमची पाठ धरलीय, ताईला बघावंसं वाटतंय, असं पत्र धाडा. बसनं घेऊन येतो, बेळगावात डोळे दाखवू.

पण लवकर लिहा. काल तिनं लालभडक गाडीवर हात फिरवत विचारलं, रंग एवढा कसा उतरला. मी म्हटलं, जुना झाला, उतरणारच.

लोभ ठेवा.

गणपती