ओरखड्याला मी एक समजलो

मी, अ‍ॅन्सेल वेस्टरगार्ड, वय बहात्तर, राहणार विलो फोर्क, मोंटाना, धंदा बंदुकांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिताना मन थाऱ्यावर नव्हतं. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टर सांगतात. डोळ्यांची हमी मात्र कोणी देऊ नये.

१. राहतं घर, मागचं दुकान, पिकअप आणि बँकेत असेल ते सगळं माझी मुलगी ऑड्रा हिला. छप्पर पश्चिमेकडून गळतं. तिला ते ठाऊक आहे, तरी लिहून ठेवतो. नाहीतर म्हणेल, बाबांनी सांगितलं नाही.

२. लेथ, रीमर आणि नंबरांच्या वह्याही तिलाच. जुन्या लष्करी रायफली जास्त ताकदीच्या काडतुसासाठी वाढवून देण्याचं काम मी चाळीस वर्षं केलं. काडतूस बसतं ती जागा रीमरने कोरायची, नळीवर नव्या काडतुसाचं नाव ठोकायचं. पण सगळ्यात आधी पोलादावरचा नंबर वाचायचा. ऑड्रा हे काम माझ्यापेक्षा सफाईने करते. तिच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथे म्हणतो.

३. प्रेस्कॉट ह्यूम हे जुन्या बंदुकांचे संग्राहक. भर प्रदर्शनात, चारचौघांत, ते मला ‘रायफलींचा खाटीक’ म्हणाले होते. मी काढून ठेवलेले लष्करी लाकडी दस्ते, खोकी तीन, त्यांना द्यावेत. बसा म्हणावं कुरवाळत.

४. <s>बैठकीतली एल्क हरणाची शिंगं माझा धाकटा भाऊ लॉय याला.</s> (खोडलं आहे. सही: अ. वे.)

ही शिंगं १९५९ सालची. त्या एल्कवर आम्ही दोघांनी एकदमच गोळी झाडली आणि लागली एकच. मी म्हटलं माझी, तो म्हणाला त्याची. “तुला समोरची गाय दिसत नाही, एल्क काय दिसणार!” असं मी म्हणालो. त्यावर तो जे म्हणाला ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखं नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

५. आता दोन तुकडे केलेल्या रायफलीबद्दल. त्याच वर्षीच्या नाताळला, समेट व्हावा म्हणून, मी लॉयला एक जुनी लष्करी रायफल मोठ्या काडतुसासाठी वाढवून पाठवली. त्या जातीच्या रायफलींत आठ लाख नंबराच्या आतल्यांचं पोलाद ठिसूळ असतं. मोठ्या काडतुसाच्या दाबाने ते कधी फुटेल याचा नेम नाही, आणि तिथेच नेम धरणाऱ्याचा गाल टेकलेला असतो. अशा रायफलीला मी हात लावत नसे. हिचा नंबर मी १२,१३,४०७ वाचला, म्हणजे नंतरची, भक्कम. चाचणीच्या तीन गोळ्याही झाडल्या, टिकली.

आमच्या धंद्यात नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा वहीत चिकटवतात. १९६१ मध्ये नवीन भिंग घेतलं, सहज जुने ठसे पाहत बसलो, तर लॉयच्या रायफलीचा ठसा समोर आला. पहिला एक हा एक नव्हताच. कोणाच्या तरी हत्याराचा ओरखडा होता. खरा नंबर २,१३,४०७.

पत्र पाठवलं, ते न फोडताच परत आलं. फोन केला. “ती बंदूक? विकली. वाटेत भेटला त्याला!” म्हणाला आणि फोन आपटला. पुढचं ऐकलंच नाही. मी नंबर देऊन जाहिराती केल्या. बावीस वर्षं, शिकारीचा हंगाम लागला की पेपरात आधी अपघात वाचले. कुठल्या तरी परक्या माणसाचं तोंड माझ्या हातून फुटणार, हे ओझं घेऊन जगलो.

या ऑगस्टमध्ये लॉयची बायको व्हर्ना हिचा फोन आला. “अ‍ॅन्सेल, घर बदलतोय आम्ही. कपाटामागे तुझी बंदूक सापडली, घोंगडीत गुंडाळलेली. ह्याने एक गोळी झाडलेली नाही तिच्यातून.”

मागून लॉय ओरडला, “झाडीन कशाला? त्याच्या हातची वस्तू मी वापरतो होय!”

मी फोन हातात धरून जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. आमचा समेट झाला असता, तर भावाने ती दर हंगामात खांद्याला लावली असती.

लॉय स्वतः ती घेऊन आला. त्याच्यासमोर मी ती करवतीने कापली. नंबराचा तुकडा ऑड्राने भिंगाशेजारी टांगावा आणि प्रत्येक नंबर दोनदा वाचावा. आता मी झोपतो. चांगला घोरतो, असं ऑड्राचं म्हणणं.

६. चौथं कलम का खोडलं ते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मी लॉयला म्हटलं, “तू शिंगं घे, सही दुसऱ्या कोणाची घेतो.”

त्याने शिंगांकडे पाहिलं. मग म्हणाला, “खोड ते. सही मीच करणार.”

“अरे, पण शिंगं?”

“तुझी तुला राहू दे. गोळी तुझीच होती. मी त्याच दिवशी पाहिलं होतं.”

“गाढवा, चोवीस वर्षं!”

“मग? तेव्हाच कबूल केलं असतं, तर बंदूक वापरली असती की.”

मी कलम खोडलं. शिंगं ऑड्राला.

विलो फोर्क, ११ ऑक्टोबर १९८३. सबंध मजकूर मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा भिंगातून.

अ‍ॅन्सेल वेस्टरगार्ड

साक्षीदार:
हेझल ट्रूडो, पोस्टमास्तर. दोघेही माझ्यासमोर रडले, शुद्धीत होते.
लॉय वेस्टरगार्ड, भाऊ. काही घेतलेलं नाही. समोरची गाय मला स्पष्ट दिसते.